यंत्राच्या नावानं बोंब

यंदाचे दिवाळी अंक चाळून झाले आणि त्यातल्या विज्ञानकथांनी वैताग आणला. कथा कुणाचीही असो, तीत एक संगणक असतो. आधी तो लाघवी बोलतो, मग त्याला स्वतःचं भान येतं, मग तो मालकावर उलटतो. शेवटच्या पानावर कुणीतरी त्याची वीज तोडतं, किंवा तोडायला उशीर होतो. बदलतात ती पात्रांची नावं आणि हिंजवडीतल्या कंपनीचा मजला. एआयवर लिहू नये असं कोण म्हणेल? माझा राग या कथांतल्या माणसांवर आहे. ती सगळी निष्पाप आहेत. यंत्र कपटी निघालं, यंत्र निर्दय निघालं. ते बांधणारं, विकणारं आणि डोळे मिटून त्याच्यावर विसंबणारं डोकं मात्र धुतल्या तांदळासारखं. विज्ञानकथेनं उलटतपासणी घ्यायची ती माणसाच्या बुद्धीची. तिला आपण परस्पर निर्दोष सोडून दिलं आहे.

मेरी शेलीला हे १८१८ मध्येच कळलं होतं. 'फ्रँकेन्स्टाइन' आपण राक्षसाची गोष्ट म्हणून लक्षात ठेवली. २०२५ मध्ये आलेला गियेर्मो देल तोरोचा चित्रपट पाहिलेली मंडळीही राक्षसाबद्दलच बोलत होती. कादंबरीतली निर्णायक जागा पुन्हा वाचा. व्हिक्टर दोनेक वर्षं तहानभूक विसरून राबतो, निर्जीव देहात प्राण घालतो, त्या देहाचा पिवळट डोळा उघडतो, आणि हा विलक्षण बुद्धीचा तरुण खोलीतून पळून जाऊन अंथरुणावर पडतो. हे उठून बसल्यावर आपण काय करायचं, हा प्रश्न त्याला तोवर शिवलेलाच नसतो. त्या प्राण्याला बोलायला कुणी शिकवत नाही. तो भिंतीतल्या फटीतून शेजारच्या घरातलं बोलणं ऐकत शिकतो. पुढचे खून नंतरचे. गुन्हा त्या रात्रीच्या झोपेत घडलेला आहे.

मोडीत काढायचं ते आधी काढतो. यंत्रांचं बंड हा विषय कारेल चापेकनं १९२० सालच्या नाटकातच संपवला. त्यानंतर चालू आहे ती उसाची चिपाडं चघळणं. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो या भाकडकथेवर 'लूसी' या चित्रपटानं २०१४ मध्ये गल्ला भरला, त्याच्याबद्दल एवढंच. लिऊ त्सिशिनचा मोठा गवगवा आहे. 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'मध्ये परग्रहावरून धाडलेले कण पृथ्वीवरच्या प्रयोगांत खोटी उत्तरं पेरतात आणि भौतिकशास्त्रज्ञ उन्मळून पडतात, ही कल्पना खरोखर थरकाप उडवते. पण पुढच्याच खंडात चार निवडक माणसं मनातल्या मनात गुप्त डाव रचू लागतात आणि माणसाचा धूर्तपणा पुन्हा हुकमाचा एक्का ठरतो. घाबरवून झाल्यावर पाठ थोपटणं आलंच.

माझा माणूस स्तानिस्लाव लेम. 'सोलारिस' (१९६१) सगळ्यांनी वाचलेली असते, निदान तारकोव्हस्कीचा चित्रपट पाहिलेला असतो. लेम त्या चित्रपटावर भयंकर चिडला होता आणि त्याचं बरोबर होतं. तारकोव्हस्कीनं सोलारिस ग्रहावरचा अथांग समुद्र सोडून अपराधी मन धरलं. कादंबरीत नायक केल्विन अंतराळस्थानकाच्या ग्रंथालयात सोलारिसवरचे जाडजूड ग्रंथ उपसत बसतो. ती पानं बरेच वाचक ओलांडून जातात, कारण पलीकडे हरवलेल्या बायकोची गोष्ट वाट बघत असते. मला विचाराल तर कादंबरीचा जीव त्या ग्रंथालयातच आहे. एका ग्रहाएवढ्या समुद्राचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास झाला. त्याच्या पृष्ठावर उठणाऱ्या आकारांना नावं मिळाली, मिमॉइड, सिमेट्रियाड आणि आणखी कितीतरी. वर्गीकरणं झाली, पंथ पडले, पंथांची भांडणं झाली, मोहिमांत माणसं मेली, अनुदानं आटली, शेवटी उरली ती सूची करणारी मंडळी. समुद्र काय आहे, तो विचार करतो की नुसता हलतो, हे जिथल्या तिथं. एका विद्याशाखेचं बालपण, तारुण्य आणि म्हातारपण लेम इतक्या गांभीर्यानं लिहितो की हसावं की रडावं कळत नाही. पीएचडीची व्हायवा पाहिलेल्या कुणालाही ते पान ओळखीचं वाटेल.

त्याहून मोठी 'हिज मास्टर्स व्हॉइस' (१९६८). जुन्या तबकडीवरचा तो कुत्रा आठवा: आवाज ऐकू येतो, धन्याचा आहे हेही कळतं, बोलणं कळत नाही. आकाशातून न्यूट्रिनोंचा एक प्रवाह येतो आहे आणि तो ठरावीक काळानं पुन्हा तसाच येतो, एवढ्या सुगाव्यावर नेवाड्याच्या वाळवंटात, अण्वस्त्रचाचण्यांच्या जुन्या जागी, पेंटागॉनच्या पैशानं शेकडो शास्त्रज्ञ जमतात. गणितज्ञ हॉगार्थ ही हकीकत सांगतो. संदेशाच्या इवल्याशा तुकड्यावरून एक बुळबुळीत पदार्थ तयार होतो. जीवशास्त्रज्ञ त्याला एक नाव देतात, भौतिकशास्त्रज्ञ दुसरं, आणि दोन्ही गट त्यालाच प्रगती म्हणतात. मग तो धागा येतो ज्यासाठी मी ही कादंबरी पुनःपुन्हा उघडतो. हॉगार्थ आणि त्याचा मित्र प्रोथेरो यांना संशय येतो की या पदार्थाच्या साहाय्यानं स्फोट एका जागी घडवून त्याची ऊर्जा भलत्याच जागी उमटवता येईल. म्हणजे पाठवणाऱ्याचं एक अक्षर लागायच्या आत बॉम्ब लागला! दोघं वरच्यांना चोरून प्रयोग करतात, आणि ते फसावेत म्हणून मनोमन देव पाण्यात घालून बसतात. प्रयोग फसतो. ऊर्जा वाढवत नेली की नेम ढळत जातो, तेव्हा शस्त्र म्हणून त्याचा उपयोग शून्य. सुटकेचा निःश्वास टाकावा, तर लेम तेवढीही उसंत देत नाही. ही सुरक्षितता पाठवणाऱ्यानं मुद्दाम ठेवली की निसर्गाचाच नियम तसा? नशीब की शहाणपण? ते कधीच कळत नाही. बुद्धीची मर्यादा आणि बुद्धीचा धोका एकाच गाठीत असे बांधलेले मी दुसरीकडे वाचलेले नाहीत.

यंत्रावर लिहायचं तर तेही लेमनंच दाखवलं. 'गोलेम चौदा'मधला महासंगणक अमेरिकी लष्करासाठी बांधलेला. तो शहाणा होतो तेव्हा बंड करत नाही. त्याला युद्धशास्त्रात रस उरत नाही. तो माणसांना माणसाविषयी व्याख्यानं देतो आणि एक दिवस गप्प होतो. माणसाला गुलाम करावं इतकंसुद्धा आपण त्याच्या लेखी महत्त्वाचे नाही! बंडखोर यंत्रांच्या कथा किती आत्मप्रौढीच्या असतात ते इथं कळतं. (या लेमविषयी फिलिप डिकनं १९७४ मध्ये एफबीआयला पत्र लिहिलं होतं: लेम हा एक माणूस नसून कम्युनिस्टांची समिती आहे. लेम ज्या एकमेव अमेरिकी विज्ञानलेखकाचं कौतुक करत असे तो म्हणजे डिक.)

स्त्रुगात्स्की बंधू याच वाटेचे. त्यांच्या 'रोडसाइड पिकनिक'वर इतकं लिहून झालं आहे की मी तिथं थांबत नाही. डॅनियल कीजच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन'ला लोक अश्रूंची गोष्ट समजतात. चार्ली गॉर्डनचा बुद्ध्यंक शस्त्रक्रियेनं ६८ वरून १८५ वर जातो आणि त्या कमावलेल्या बुद्धीनं तो पहिलं मोठं संशोधन करतो ते हे, की ही बुद्धी टिकणार नाही. सिद्धता बिनचूक असते. पुढच्या नोंदींत शुद्धलेखन बिघडत जातं, विरामचिन्हं गळतात, आणि वाचक त्या सिद्धतेचा पडताळा अक्षराअक्षरानं घेतो. लांबलचक शोकगीत लिहून हे साधलं नसतं. टेड चँगनं २००० साली 'नेचर'मध्ये एक चिमुकली कथा लिहिली: अतिमानवांचं विज्ञान इतकं पुढं गेलं आहे की साध्या माणसांतल्या शास्त्रज्ञांना त्यांच्या निबंधांवर भाष्यं लिहिण्याएवढंच काम उरलं आहे. 'सोलारिस'च्या ग्रंथालयाचीच ती नवी शाखा. आणि पीटर वॉट्सची 'ब्लाइंडसाइट' (२००६), जिनं मला लेमनंतर पहिल्यांदा झोपू दिलं नाही. मेंदूतल्या दृष्टिकेंद्राला इजा झालेले काही रुग्ण आपल्याला दिसत नाही म्हणतात, आणि तरी समोरच्या वस्तूकडे अचूक हात नेतात. वॉट्स हा वैद्यकीय अनुभव घेऊन विचारतो: भान नसलेली बुद्धीच अधिक कार्यक्षम असली तर? त्याचे परग्रहवासी अफाट हुशार आहेत आणि आत कुणीही नाही. आपण ज्याला 'मी' म्हणून मिरवतो तो कदाचित उत्क्रांतीनं ओढलेला फुकटचा बोजा असेल. पटो न पटो, यात आपल्याला सुटायला वाट ठेवलेली नाही.

आता घरी येऊ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप असं नाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, बक्षीस मिळवलं आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा आली. ते ऋण मान्य करूनच पुढचं लिहितो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. मराठे पानिपत जिंकले अशा जगात प्राध्यापक गंगाधरपंत जाऊन पडतात. आझाद मैदानावर सभा चालू आहे आणि व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी. जन्मभर अध्यक्षपदं भूषवलेल्या माणसाला ते बघवत नाही. ते थेट जाऊन खुर्चीत बसतात आणि बोलू लागतात. पण त्या जगात अध्यक्षीय भाषणं हद्दपार झालेली आहेत. श्रोते खवळतात, हाताला येईल ते फेकतात. इतिहासाचा एवढा मोठा अभ्यासक, पानिपताच्या निकालानं जग कसं बदललं यावर व्याख्यान देऊ शकणारा, आणि समोरच्या गर्दीचा साधा रिवाज त्याला ओळखता येत नाही. माणसाच्या बुद्धीवर मराठीत इतकं नेमकं, इतकं गमतीदार काही क्वचितच लिहिलं गेलं असेल. पण मग येतो राजेंद्र देशपांडे. तो गंगाधरपंतांना समोर बसवतो आणि पुंजवाद, अनेक शक्यता, अनेक जगं, सगळं समजावून देतो. गंगाधरपंतांचं शंकासमाधान होतं, वाचकाचं होतं, आणि कथा तिथंच बसते.

पन्नास वर्षं झाली, हा राजेंद्र देशपांडे मराठी विज्ञानकथेतून उठायला तयार नाही. कधी तो प्राध्यापक असतो, कधी डॉक्टर, कधी अमेरिकेहून सुट्टीवर आलेला मामा. कथेत काही न कळणारं आलं की तो शेवटच्या दोन पानांत येऊन ते कळवतो. सुबोध जावडेकरांसारख्या एखाद्यानं त्याला कोपऱ्यात बसवून पाहिलं. बाकीच्यांकडे तो यजमान आहे. नारळीकरांची 'वामन परत न आला' तर माझ्या मुद्द्याच्या उंबऱ्यापर्यंत येते: जमिनीच्या पोटात पुरलेली पेटी, तिच्यातलं आपल्या वकुबापलीकडचं ज्ञान, ते वापरायची घाई. पण धोका अखेर वामन या यंत्रमानवात जाऊन बसतो. घाई करणारी डोकी पुन्हा सुटली.

याला ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. विज्ञानप्रसार. आपल्या समाजात बुवाबाजी आहे, २०१३ मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना भर पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, अशा ठिकाणी बुद्धीच्या मर्यादा दाखवणं म्हणजे बुवांच्या हाती कोलीत देणं. आक्षेप गंभीर आहे आणि मी तो झटकत नाही. पण तो चुकीच्या माणसाला लागू केला जातो. कुठला बुवा म्हणतो की मला अमुक कळत नाही? बुवाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचला गेला. त्यात आत्मविश्वासाची कमी होती काय? छद्मविज्ञान शंकेवर पोसलं जात नाही, ते खुलाशांवर पोसलं जातं. ज्या वाचकाला आपण दर कथेच्या शेवटी पांढऱ्या कोटातल्या माणसाचा खुलासा मुकाट मान्य करायला शिकवलं, तो भगव्या कफनीतल्या माणसाचा खुलासा कशाच्या बळावर नाकारणार? हॉगार्थ मात्र त्याला वेगळं काही शिकवतो. इथवर मोजलं, इथं चुकलो, इथं मनात लोभ होता, यापुढं काहीच लागत नाही. वैज्ञानिक दृष्टी हिला म्हणायचं नाही तर कशाला?

आणि प्रसाराचं काम कथेनं का करावं? त्यासाठी लेख आहेत, व्याख्यानं आहेत, आता यूट्यूब आहे. कथेला जे एकटीलाच करता येतं ते सोडून ती शिकवणीला जाते. वर तक्रार अशी की समीक्षक विज्ञानकथेला साहित्यात धरत नाहीत.

नारळीकरांचीच 'धूमकेतू' शाळेच्या पुस्तकातून पुष्कळांना माहीत आहे. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असतो, शास्त्रज्ञ त्याला अणुस्फोटानं बाजूला सारतात, आणि शोध लावणाऱ्या दत्तादांच्या घरात ग्रहपीडा टळावी म्हणून यज्ञ झालेला असतो. वर्गात यज्ञाला हसायला शिकवलं जातं, तेही योग्यच. पण मधल्या एका गोष्टीवर कुणी बोट ठेवत नाही. टक्कर होणार हे ठरल्यावर मोजके तज्ज्ञ गुप्तपणे जमतात आणि जगाला कळू द्यायचं नाही असं ठरवतात. लोक घाबरतील म्हणून. हा अधिकार त्यांना दिला कुणी? गणित दशांशात चुकलं असतं तर मरणाऱ्यांना निदान आवराआवर करायला वेळ मिळायला नको होता का? एखाद्यानं तरी त्या बैठकीत हात वर केला असेल, नाही तर का केला नसेल? लेमनं या बैठकीवर अख्खी कादंबरी लिहिली असती. आपल्या लेखकांपैकी कुणाला तिथं शिरायचं असेल तर दार उघडं आहे. फक्त त्या टेबलाभोवती दोष ढकलायला एकही यंत्र सापडायचं नाही.