हाताआडची ज्योत

दिवा घेतलेल्या स्त्रीचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र छापील प्रतींतून आपल्या परिचयाचे झाले, पण अनेकदा राजा रविवर्मा यांच्या नावाने. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. हे चित्र सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांनी त्यानंतर सुमारे चार दशकांनी रंगवले. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे.

ही चूक केवळ नावाची नाही. रविवर्म्यांचे नाव घेतले की आपण तैलरंग गृहीत धरतो. हे चित्र जलरंगातले आहे. तैलरंगात उजेड शेवटी, पांढऱ्या रंगाचा जाड फटकारा देऊन आणता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखलेला कागद. तो आधीच सोडावा लागतो. एकदा गडद झाला की पहिल्यासारखा होत नाही.

हे लक्षात ठेवून ज्योतीकडे पाहावे. ती तळहाताआड आहे. आपल्याला दिसतात उजेडाने लालसर झालेली बोटे, चेहऱ्यावरचा सोनेरी प्रकाश आणि त्यात उबदार झालेली जांभळट साडी. चेहरा शांत आहे. भावना आहे ती आडोसा धरणाऱ्या हातात. स्त्री वाऱ्यापासून ज्योत जपते आहे आणि चित्रकाराने रंगापासून कागद जपला आहे. चित्राच्या नावातली आशा मला या जपण्यात दिसते.

ज्यांच्या घरी ही प्रत असेल, त्यांनी या दिवाळीत तिच्यामागे हळदणकरांचे नाव लिहून ठेवावे.