वेदनेचें चित्र

शरीराच्या दुखण्यापुढें भाषा अपुरी पडते, असें पुष्कळदां म्हटलें जातें. परंतु आपली मराठी तरी ह्या बाबतींत इतकी दरिद्री नाहीं. कळ, ठणका, चमक, उसण, शूळ हे शब्द घरोघरीं वापरांत आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या पोटीं एखादें चित्र दडलेलें आहे. शूळ म्हणजे मुळांत टोंकदार हत्यार. चमक ह्या शब्दांत वीज लवून जाते. दुखणाईत मनुष्य बहुधा उपमेनेंच बोलतो. मग तीच उपमा शब्दांऐवजीं रंगांनीं मांडली, तर तिला कलाकृति केव्हां म्हणावें व नुसतें कण्हणें केव्हां म्हणावें? मेक्सिकोच्या चित्रकर्त्री फ्रीडा काहलो (१९०७–१९५४) ह्यांच्या चित्रांपुढें हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

बाईंचा जीवनवृत्तान्त आतां सर्वश्रुत आहे. सहाव्या वर्षीं पोलिओनें उजवा पाय बारीक झाला. १७ सप्टेंबर १९२५ रोजीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, त्या ज्या बसमधून जात होत्या तिच्यावर ट्रॅम आदळली. लोखंडी दांडा कटिभागांतून आरपार गेला आणि पाठीचा कणा मोडला. वैद्यक शिकण्याचा मनोदय तेथेंच संपला. अंथरुणावर पडल्यापडल्या चित्र काढतां यावें म्हणून आईनें खास घडवंची करवून घेतली, आणि पलंगाच्या छतास आरसा लावण्यांत आला. कूसही वळतां न येणाऱ्या मुलीपुढें रंगविण्यासारखा एकच विषय उरला, तो म्हणजे ती स्वतः. पुढें बाईंनीं ५० हून अधिक आत्मचित्रें काढलीं, त्यांचें मूळ येथें आहे.

परंतु चरित्र कळलें म्हणजे चित्र कळलें असें नव्हे. आज बाईंचा चेहरा पिशव्यांवर आणि पेल्यांवर छापून विकला जातो. एकीकडे कीव, दुसरीकडे जयजयकार, आणि ह्या गलबल्यांत चित्राकडे पाहण्याचें तेवढें राहून जातें. म्हणून १९४४ सालचें ‘भग्न स्तंभ’ हें चित्र आपण जरा बारकाईनें पाहूं.

हें चित्र हातभरही उंच नाहीं. ओसाड, भेगाळलेली जमीन. तिच्यावर बाईंची अर्धनग्न आकृति उभी. देह मधोमध उकललेला असून कण्याच्या जागीं ग्रीक घाटाचा, ठिकठिकाणीं तडकलेला खांब आहे. अंगाला आवळणारे पट्टे, अंगभर खिळे, गालांवर आसवें. खिळे हें आमच्या मतें चित्राचें उणें अंग होय. ‘टोंचतें’ एवढें ते सांगतात. पण त्यांची संख्या वाढल्यानें वेदनेची खोली वाढत नाहीं. खांबाची गोष्ट निराळी. कणा मोडला असें आपण धीर सुटलेल्या माणसासंबंधीं म्हणतों. येथें कणा अक्षरशः मोडलेला आहे, पण धीर सुटलेला नाहीं. मान ताठ आहे. नजर थेट आपल्या नजरेला भिडते. आसवें आहेत, तरी चेहरा रडत नाहीं. ह्या विसंगतींतच चित्राचें बळ आहे.

१९४६ सालीं न्यूयॉर्क येथें कण्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या ‘आशेचें झाड’ ह्या चित्रांत बाईंनीं स्वतःला दोनदां रंगविलें आहे. एक पाठीवरच्या रक्ताळलेल्या जखमांसह, पाठमोरी निजलेली. दुसरी शेजारीं ताठ बसलेली, हातांत पाठीचा पट्टा घेतलेली. आपल्या साहित्यशास्त्रानें शोक आणि करुण ह्यांत जो भेद केला आहे, तो येथें उपयोगीं पडतो. शोक भोगणाऱ्याचा, करुण रसिकाचा. बाईंनीं एकाच देहांत भोगणारी आणि पाहणारी अशा दोघींना बसविलें. म्हणून त्यांचें चित्र कण्हण्याच्या पलीकडे गेलें.

मेक्सिकोंत संकटांतून वांचलेले लोक त्या प्रसंगाचें चित्र पत्र्यावर काढवून देवाला वाहतात. बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहणारांस ही भावना परकी वाटणार नाहीं. बाईंनीं हा लोकांचा घाट उचलला. १९३२ सालचें ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ हें स्वतःच्या गर्भपाताचें चित्र त्यांनीं पत्र्यावरच रंगविलें. पण नवसाच्या चित्रांत संकट टळलेलें असतें. येथें तें टळलेलें नाहीं, आणि तारणारा संतही कोठें दिसत नाहीं.

ह्या चित्रांनीं बाईंचें दुखणें हटलें नाहीं. १९५३ सालीं उजवा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला, आणि पुढच्याच वर्षीं त्या वारल्या. तेव्हां कलेला औषध समजणारांनीं ह्या उदाहरणाचा आधार घेऊं नये. ज्यांच्या घरीं दीर्घ दुखण्याचें माणूस आहे त्यांस ठाऊक असेल कीं, त्याच्या उशाशीं बसणाऱ्याचीही नजर हळूहळू खिडकीकडे वळूं लागते. ‘भग्न स्तंभ’ पाहणाऱ्यास तशी नजर वळवूं देत नाहीं, आणि त्याच्यापाशीं कीवही मागत नाहीं.