पांडूचा अपराध

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारले, “सर, मृगया हा क्षत्रियांचा धर्मच ना? मग पांडूला शाप का?” ऋषिहत्या घडली म्हणून, असे मी ऐकीव उत्तर दिले. घरी येऊन आदिपर्व उघडले, तेव्हा माझीच चूक कळली.

पांडूचा बचावही त्या मुलीसारखाच आहे. अगस्त्यांचा दाखलाही तो देतो. मृगरूपातील किंदम ऋषी शिकारीला दोष देत नाही. अजाणतेपणामुळे ब्रह्महत्या लागणार नाही, असेही सांगतो. त्याची तक्रार एकच : आमचे मीलन होईपर्यंत थांबायचे होतेस.

ही तक्रार आजही जुनी झालेली नाही. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा मीलनकाळ बहुतेक भागांत नोव्हेंबरात ऐन भरात येतो. एरवी अतिसावध असलेला नर मादीमागे भान विसरून दिवसाढवळ्या उघड्यावर येतो आणि अनेक शिकारी नेमकी हीच वेळ साधतात. तेथील कायदा परवाना देतो, हरणांची संख्या आटोक्यात राहते, हेही खरे. किंदम मात्र परवाना विचारतच नाही.

व्यासांनी पांडूला मरणही तसेच दिले : वसंत ऋतूत, माद्रीजवळ, भान हरपलेल्या क्षणी.