पिनोकिओ : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

बालकादंबरीवरून चित्रपट काढताना कथानकाची काटछाट अटळ असते. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र पात्राचा स्वभावच पालटला, तर कथेचा आशयही पालटतो. इटालियन लेखक कार्लो कोलोदी यांची ‘पिनोकिओ’ ही कादंबरी १८८३ साली ग्रंथरूपाने आली आणि १९४० मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी तिच्यावर चित्रपट काढला. आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे, तो बहुधा चित्रपटातलाच लाकडी बाहुला.

कोलोदींचा पिनोकिओ मुळात उद्धट आहे. हिताचे चार शब्द सांगणाऱ्या रातकिड्याला तो लाकडी हातोडा फेकून ठार करतो. बाप जेपेत्तो ऐन थंडीत अंगावरचा कोट विकून त्याला मुळाक्षरांचे पुस्तक आणतो. पोरगा ते विकून बाहुल्यांचा खेळ पाहायला जातो. डिस्ने यांचा पिनोकिओ निरागस आहे. लबाड कोल्हा त्याला शाळेच्या वाटेवरून फितवून नेतो. कोट विकण्याचा प्रसंगच तेथे नाही. रातकिडा तर परीने नेमलेली त्याची सदसद्विवेकबुद्धी होऊन अखेरपर्यंत त्याची पाठराखण करतो.

पडद्याच्या दृष्टीने हा बदल कुशल आहे, हे मान्य केले पाहिजे. बाहुल्याच्या मनातील द्वंद्व त्यामुळे संवादांतून प्रकट होते. परंतु चित्रपटात वाईट ते बहुतेक बाहेरून येते. कादंबरीत ते बाहुल्याच्या स्वतःच्या हातून घडते. मारलेला रातकिडा पुढे भूत होऊन परततो, ही कोलोदींची कल्पना आम्हांस अधिक खरी वाटते. सदसद्विवेकाचा आवाज दडपता येतो, संपवता येत नाही.

शेवटही पाहावा. चित्रपटात देवमाशाच्या तावडीतून बापाला वाचवताना पिनोकिओ प्राण गमावतो आणि परी त्याला खराखुरा मुलगा करून उठवते. कादंबरीतही प्रचंड माशाच्या पोटातून बापाची सुटका आहे. पण तेवढ्याने बाहुल्याचा माणूस होत नाही. आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून तो पाच महिने पहाटेपूर्वी उठून रहाट ओढतो, टोपल्या विणतो आणि स्वतःच्या नव्या कोटासाठी साठवलेली ४० नाणी आजारी परीसाठी देऊन टाकतो. बापाने विकलेल्या कोटाची फेड ती हीच. पहिला कोट गाळल्यावर चित्रपटात दुसऱ्यालाही जागा उरली नाही.

चित्रपट मुलांना अवश्य दाखवावा. त्याबरोबर पुस्तकही वाचून दाखवावे, अशी पालकांना आमची विनंती आहे. देवमाशाशी झुंजण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पहाटेचा रहाट मात्र येतो.