फिल्टरचे मौन आणि फिल्टरची मिथ्या साक्ष

मेल सर्व्हरवरील स्पॅम-फिल्टर निकामी झाला असता आलेल्या पत्राचे काय करावे, या प्रश्नास तीन उत्तरे संभवतात : ते न तपासता स्वीकारावे, कायमचे नाकारावे, अथवा ‘तूर्त शक्य नाही, पुन्हा यावे’ असे सांगावे. बाह्य फिल्टर जोडण्याच्या मिल्टर-योजनेत पोस्टफिक्सने मूळ ठेवणीत तिसरेच उत्तर योजिले आहे, आणि ते योग्यच होय. एसएमटीपीच्या नियमांप्रमाणे ४ या अंकाने आरंभ होणारा संकेत तात्पुरता नकार दर्शवितो. पत्र पाठविणाऱ्याच्या रांगेत सुरक्षित राहते. २००८ सालच्या आरएफसी ५३२१ नुसार पुनःप्रयत्न साधारणतः किमान ४-५ दिवस चालावेत अशी अपेक्षा आहे. ही मुदत म्हणजे व्यवस्थापकास मिळालेली उसनवारी होय. ती संपली की पत्र परत जाते.

तथापि या उपायाच्या एका मर्यादेचा विचार क्वचितच होतो. तात्पुरता नकार देण्यासाठी फिल्टर निकामी झाल्याचे सर्व्हरला कळावे लागते. मौन धारण करणारा फिल्टर ओळखता येतो. निःशंकपणे खोटी साक्ष देणारा ओळखता येत नाही. ओआरडीबी ही, कोणाचेही टपाल पुढे धाडणाऱ्या बेबंद सर्व्हरांची यादी, डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही तिच्याकडे विचारणा होतच राहिली. अखेर मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्त्यास दोषी ठरवू लागली. ज्यांनी या एकाच यादीच्या शब्दावर कायमचा नकार सोपविला होता, त्यांच्याकडे येणारे निर्दोष टपालही परत जाऊ लागले.

याउलट १ जानेवारी २०१० रोजी स्पॅमअसॅसिनचा एक नियम चालू वर्षालाच दूरचे भविष्य समजू लागला. त्यापायी बसणारा दंड मात्र स्पॅम ठरण्याच्या ५ गुणांच्या मूळ मर्यादेहून कमी होता. अन्य दोष जुळलेली निर्दोष पत्रे अडकू शकत होती. परंतु एकट्या नियमास निकाल देता येत नव्हता.

यावरून निष्पन्न होते ते असे की, अपयश सावरण्याची खरी कसोटी फिल्टर बंद पडल्यावर नव्हे, तर तो चालू असतानाच लागते. मौनाच्या प्रसंगी निर्णय पुढे ढकलावा, हे अर्धे तत्त्व झाले. कोणत्याही एका साक्षीदाराच्या हाती अंतिम निकाल देऊ नये, आणि एकदा स्वीकारलेले संशयित पत्र नष्ट न करता वेगळे राखून ठेवावे, हे त्याचे उरलेले अर्ध होय.