परदेशी मेजावर जपलेला बोलीचा विवेक

ब्रिज हा चार भिडूंचा, बावन्न पानांचा आणि दोन टप्प्यांचा खेळ आहे. पहिल्या टप्प्यात समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या किती हात करून दाखवू याची चढती बोली लावतात आणि दुसऱ्या टप्प्यात बोली जिंकलेल्या जोडीला तेवढे हात प्रत्यक्ष करून दाखवावे लागतात. चौघांनी टाकलेल्या चार पानांची एक फेरी म्हणजे एक हात, आणि अशा तेरा हातांचा एक डाव. नियम एका संध्याकाळीत शिकता येतात. मात्र कोणत्या पानांवर किती बोलावे, कुठे थांबावे आणि हाती आलेल्या कॉन्ट्रॅक्टची, म्हणजे जिंकलेल्या बोलीची, पाने कोणत्या क्रमाने खेळावीत हे जाणण्यास वर्षे लागतात, आणि ही जाण बहुधा एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे, मेजापाशी बसूनच जाते. परदेशांतील मराठी समाजाने नाटक, संगीत आणि गणेशोत्सव कसे जपले याची नोंद स्मरणिकांतून आवर्जून होते, परंतु त्याच समाजातील काही घरांनी आणि मित्रमंडळींनी ही दुसरी विद्याही तितक्याच निष्ठेने टिकवली आहे आणि तिची दखल घेणे अगत्याचे आहे.

पत्त्यांवर बोली लावण्याची सवय मराठी माणसाला ब्रिजमुळे लागली असे नाही. महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या तीनशे चार या खेळात गुलामाचे तीस, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, राजाचे तीन आणि राणीचे दोन असे एका रंगाचे शहात्तर व चारही रंगांचे मिळून तीनशे चार गुण होतात, आणि त्या खेळातही हाती आलेल्या पानांचे मोल जोखून बोली लावावी लागते. त्यामुळे हुकूम, उतारी आणि भिडू या कल्पना घरातूनच घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या खोलीत ब्रिज परके वाटले नाही. अमेरिकेतील १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर जे अभियंते, डॉक्टर आणि संशोधक तिकडे गेले, त्यांपैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत लागलेला हा छंद आपल्याबरोबर नेला. लंडनमध्ये तर एक विलक्षण योग जुळून आलेला दिसतो. तेथील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ मधली, आणि ब्रिटनमध्ये सर्वाधिक रुजलेली अकॉल ही बोलीपद्धत त्याच दशकात त्याच शहरात आकाराला आली. ज्या अकॉल रस्त्यावरच्या क्लबवरून त्या पद्धतीला नाव मिळाले तो रस्ता आणि मंडळाची डॉलिस हिल येथील आजची वास्तू, दोन्ही वायव्य लंडनमध्येच आहेत.

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजचे आजचे रूप हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या एका जहाजावर सिद्ध केले. त्यापूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये कमी बोलून जास्त हात केले तरी त्या सर्व हातांचे मोल मिळे. व्हँडरबिल्ट यांच्या पद्धतीत गेम आणि स्लॅम यांचे बक्षीस बोलूनच कमवावे लागते. गेम म्हणजे शंभर किंवा अधिक गुणांचे कॉन्ट्रॅक्ट, जसे इस्पिक किंवा बदाम हुकूम करून दहा हात, अथवा नो ट्रम्प म्हणजे बिनहुकुमाचे नऊ हात. स्लॅम म्हणजे बारा किंवा तेराही हात. या एका बदलाने बोलीला खेळाच्या मध्यभागी आणून बसवले.

बोलीची भाषा अतिशय अपुरी आहे आणि तिचे सारे सौंदर्य या अपुरेपणातच आहे. एकपासून सातपर्यंतचे सात आकडे, किलवर, चौकट, बदाम, इस्पिक व नो ट्रम्प हे पाच प्रकार, आणि पास, डबल, रिडबल असे अवघे पंधरा शब्द खेळाडूला मिळतात. आवाजाचा चढउतार, चेहऱ्यावरची नाराजी किंवा बोलीस लागलेला विलंब यांतून भिडूला काही सुचवणे नियमबाह्य असते, आणि जोडीने आपसात ठरवलेला प्रत्येक संकेत प्रतिस्पर्ध्यांना समजून घेण्याचा हक्क असतो. या पंधरा शब्दांत तेरा पानांचे वर्णन करावयाचे असते. त्यासाठीचा प्राथमिक हिशेब एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक असा आहे. पत्त्यांच्या जोडात असे चाळीस गुण असतात आणि दोन भिडूंचे मिळून सुमारे पंचवीस झाले की गेमचा विचार रास्त ठरतो. नवखा खेळाडू या हिशेबापाशी थांबतो, जाणता तेथून पुढे निघतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट व्हावे. उत्तरेकडील भिडूजवळ इस्पिकाचे राणी, गुलाम, अठ्ठी, तिर्री. बदामाचे राजा आणि तीन लहान पाने. चौकटाचे एकच लहान पान. आणि किलवराचे एक्का, राणी व दोन लहान पाने, असे बारा गुण आहेत. दक्षिणेने एक इस्पिक म्हणताच तो थेट चार चौकट म्हणतो. या उडीच्या बोलीला स्प्लिंटर म्हणतात. तिचा अर्थ असा की इस्पिकाची चार पाने आहेत, गेमपुरते बळ आहे आणि चौकटाचे फार तर एक पान आहे. आता समजा, दक्षिणेजवळ इस्पिकाचे एक्का-राजासह पाच, बदामाचे राणी व सत्ती, चौकटाचे राजा, राणी, पंजी आणि किलवराचा राजा व दोन लहान पाने, असे सतरा गुण आहेत. दोघांची बेरीज एकोणतीस भरते आणि तरीही बारा हातांची बोली पडते, कारण बदामाचा आणि चौकटाचा असे दोन एक्के विरोधकांकडे असून चौकटाचे पाच गुण नेमके भिडूच्या एकुलत्या पानासमोर निकामी झाले आहेत. त्याऐवजी दक्षिणेजवळ तीच पाच इस्पिके, बदामाचे एक्का व सत्ती, चौकटाची तीन क्षुल्लक पाने आणि किलवराचा तोच राजा असेल, तर गुण केवळ चौदा. पण चौकटाचा एक हात देऊन उरलेली दोन चौकटे उत्तरेच्या हुकुमाने कापता येतात, आणि इस्पिकाचे पाच, कापण्याचे दोन, बदामाचे दोन व किलवराचे तीन मिळून बारा हात उभे राहतात. तीन गुणांनी दुबळा असलेला हा डाव स्लॅमचा आहे आणि सबळ दिसणारा डाव गेमवर थांबण्याचा आहे. सतरा गुण हाती असताना चार इस्पिकांवर, म्हणजे दहा हातांच्या गेमवर, शांतपणे थांबणे आणि चौदांवर पुढचे पाऊल टाकणे, यालाच बोलीचा विवेक म्हणावयाचे.

या विवेकाला संभाव्यतेच्या गणिताचा भक्कम आधार आहे. संघांच्या सामन्यात, जिथे गुणांतील फरक इम्प नावाच्या लहान एककांत मोजला जातो, तिथे व्हल्नरेबल स्थितीत, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले असताना, चार इस्पिकांची गेम बोलून साधली तर न बोलणाऱ्या संघावर दहा इम्पांची आघाडी मिळते आणि एका हाताने हुकली तर सहा इम्प जातात. म्हणून साधण्याची शक्यता सदतीस-अडतीस टक्के असली तरी ती बोलणेच योग्य ठरते. व्हल्नरेबल नसताना हाच उंबरठा सुमारे पंचेचाळीस टक्क्यांवर जातो. प्रतिस्पर्धीही बोलत असताना किती वर जावे, याविषयी जाँ-रने व्हर्न यांनी १९६९ मध्ये ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात मांडलेला एकूण हातांचा नियम प्रसिद्ध आहे: दोन्ही जोड्यांनी आपापल्या उत्तम हुकुमावर खेळल्यास होणाऱ्या हातांची बेरीज दोन्ही बाजूंच्या हुकुमांच्या बेरजेएवढी असते. व्यवहारात त्याचा अर्थ असा की जोडीकडे हुकुमाची नऊ पाने असतील तर नऊ हातांपर्यंत, म्हणजे तीनच्या बोलीपर्यंत, झुंज द्यावी. लॅरी कोहेन यांच्या १९९२ च्या पुस्तकाने हा नियम घरोघर पोचवला. पुढे माइक लॉरेन्स आणि अँडर्स विरग्रेन यांनी त्याच्या मर्यादाही साधार दाखवल्या. नियम उपयुक्त आहे, पण वर दाखवलेल्या निकामी पानांचे भान तो देत नाही, आणि म्हणूनच त्यावर डोळे मिटून विसंबणारा खेळाडू मध्यम दर्जाचाच राहतो.

बोली संपली की पहिली उतारी होते, डमीची म्हणजे डिक्लेअररच्या (बोली जिंकलेल्या जोडीतर्फे खेळणाऱ्याच्या) भिडूची पाने मेजावर उघडी मांडली जातात आणि नियोजनाचा टप्पा सुरू होतो. या क्षणी पहिले पान टाकण्याआधी थांबून हात मोजणे ही सवय चांगल्या खेळाडूची पहिली ओळख आहे. समजा, तीन नो ट्रम्पमध्ये आठ हात निश्चित आहेत आणि नववा दोन ठिकाणांहून येऊ शकतो: एक्का, राजा, राणी, दुर्रीसमोर तीन पाने असलेल्या चौकटातून, बाहेरची सहा पाने तीन-तीन विभागली असल्यास, किंवा किलवराच्या फिनेसमधून. फिनेस म्हणजे एक्का-राणी अशी जोडी असताना राजा आधी खेळणाऱ्या विरोधकाकडे असल्याचे गृहीत धरून राणी लावणे. चौकट तीन-तीन असण्याची शक्यता छत्तीस टक्के, फिनेसची पन्नास. घाईने आधी फिनेस घेऊन ती चुकली आणि विरोधकांनी आपले हात ओढले तर चौकटाची संधी उरतच नाही. आधी चौकट वाजवून पाहिले, ते न फुटल्यास मग फिनेस घेतली, तर दोन्ही शक्यता जोडल्या जाऊन यश अडुसष्ट टक्क्यांवर जाते. पाने तीच, फक्त क्रम बदलला.

नो ट्रम्पमधील संयमाचे दुसरे रूप एक्का रोखून धरण्यात दिसते. विरोधकाने पाच पानांच्या बदामातून उतारी केली आणि डिक्लेअररकडे एक्क्यासह तीन व डमीत दोन बदाम असले, तर एक्का तिसऱ्या फेरीपर्यंत राखला की उतारी करणाऱ्याच्या भिडूजवळचे बदाम संपतात, आणि पुढे त्या भिडूला एखादा हात मिळाला तरी तो बदाम परत खेळू शकत नाही. त्याहून सूक्ष्म आहे मर्यादित निवडीचे तत्त्व. डमीत एक्का, राजा, दश्शी, नव्वी आणि एक लहान पान, हातात चार लहान पाने, बाहेर राणी, गुलाम आणि दोन लहान. एक्क्यावर उजवीकडून राणी पडली. त्या खेळाडूजवळ राणी-गुलाम दोन्ही असते तर निम्म्या वेळा त्याने गुलाम टाकला असता. एकटी राणी असेल तर ती टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. म्हणून पुढच्या फेरीत दश्शीची फिनेस घेणे राजा वाजवण्यापेक्षा जवळपास दुपटीने फायद्याचे ठरते. पडलेल्या पानाइतकाच न पडलेल्या पानाचाही अर्थ लावण्याची ही रीत ब्रिजमधील विचाराचा कळस मानावी लागेल.

बचाव हे मात्र खेळाचे सर्वांत अवघड अंग, कारण तिथे दोन भिडूंना एकमेकांची पाने न पाहता एकच योजना राबवावी लागते. रंगातील वरून चौथे पान उतरण्याची प्रथा आणि तिच्याशी जोडलेला अकराचा नियम हे याचे जुने साधन आहे. भिडूने सत्ती उतरली तर अकरातून सात वजा जाता उरलेली चार पाने सत्तीहून मोठी असून ती अन्य तिघांत आहेत. डमीत राणी आणि नव्वी, आपल्याजवळ एक्का आणि दश्शी दिसत असतील, तर डिक्लेअररजवळ सत्तीहून मोठे एकही पान नाही. डमीतून दुर्री पडताच एक्का खर्च न करता लहान पान द्यावे आणि भिडूच्या सत्तीलाच हात घेऊ द्यावा.

परदेशातील मराठी खेळाडूंनी ही विद्या दोन ठिकाणी जपली. एक ठिकाण म्हणजे तेथील क्लब, जिथे अमेरिकेत १९३७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉन्ट्रॅक्ट ब्रिज लीगच्या किंवा इंग्लिश ब्रिज युनियनच्या नियमांनुसार डुप्लिकेट पद्धतीचा खेळ होतो. तेच वाटलेले पत्ते बोर्डात घालून मेजामेजावर फिरवले जातात, त्यामुळे चांगल्या पानांचे नशीब बाजूला राहून केवळ निर्णयाची तुलना होते. दुसरे ठिकाण म्हणजे शनिवार-रविवारची घरची बैठक, आणि खेळाच्या परंपरेला तिचे महत्त्व अधिक आहे. क्लबात डाव संपला की पुढच्या मेजाकडे जावे लागते. घरी डाव पुन्हा मांडता येतो, उतारी दुसरी केली असती तर काय झाले असते याची चर्चा मराठीत, वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारत, चहा गार होईपर्यंत चालू राहते. बोलीचा विवेक पुस्तकात वाचता येतो, पण तो अंगी मुरतो तो या चर्चेत. भिडूच्या चुकीवर मेजावर चकार शब्द न काढता नंतर तिचे कारण शोधणारी माणसे ज्या घरात आहेत तिथे नवे खेळाडू टिकतात, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

फ्रेड गिटेलमन यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ब्रिज बेस ऑनलाइनमुळे पुण्यातला भाऊ आणि शिकागोतली बहीण एकाच मेजावर बसू शकतात, आणि २०२० च्या टाळेबंदीत क्लब बंद पडल्यावर या सोयीनेच खेळ चालू राहिला. वयाची आडकाठी या खेळाला नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला तेव्हा पुरुष जोडीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी मिळवले, आणि त्यांपैकी बर्धन त्या वेळी साठ वर्षांचे होते. चिंता आहे ती दुसऱ्या टोकाची: परदेशात जन्मलेल्या पिढीतील फार थोडी मुले या मेजापाशी येतात. त्यांच्यासाठी मिनीब्रिज हा सोपा मार्ग आहे, ज्यात बोली वगळून प्रत्येकाने आपले गुण जाहीर करावयाचे, अधिक गुण असलेल्या जोडीने खेळावयाचे आणि पानांच्या नियोजनाचा आनंद पहिल्याच दिवशी घ्यावयाचा असतो. प्रत्येक महाराष्ट्र मंडळाने महिन्यातील एक दुपार यासाठी राखावी, प्रत्येक मेजावर दोन जाणते आणि दोन नवखे बसवावेत, आणि ज्यांच्या घरी ही बैठक वर्षानुवर्षे भरत आली आहे त्यांनी आपल्या मेजाची एक खुर्ची पुढच्या पिढीसाठी मोकळी करावी.