स्टेनलेस स्टीलच्या मापाची स्थिरता : पाठ्यपुस्तकी मांडणीचा परामर्श

यंत्रण केलेल्या भागांच्या मापावर तापमानाचा होणारा परिणाम आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एका सूत्रात आटोपला जातो : लांबी, प्रसरण गुणांक व तापमानातील फरक यांचा गुणाकार. सूत्र निर्दोष आहे. आक्षेप आहे तो तेथेच थांबण्याला. ‘पोलाद’ म्हणून सरसकट ११.५ हा गुणांक (दर अंशास दशलक्षांश) धरण्याची सवय तर दिशाभूल करणारी आहे. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा गुणांक सुमारे १७.३, तर ४१० प्रतीचा १० च्या आसपास असतो. मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान १९३१ मध्ये स्वीकारले गेले. ३५ अंशांच्या कार्यशाळेत ३०४ चा १०० मिलिमीटरचा भाग सुमारे २६ मायक्रॉन वाढतो, शेजारचा पोलादी स्लिप गेज १७. ९ मायक्रॉनांची ही तफावत एच-७ च्या ३५ मायक्रॉन मुभेचा चतुर्थांश खाते.

तरीही हा बदल निवल्यावर नाहीसा होतो. न परतणाऱ्या बदलाविषयी मात्र पुस्तके जवळजवळ मूक आहेत. कातकामात निर्माण झालेले अवशिष्ट ताण भाग तापताच शिथिल होतात आणि पातळ कडे वेडेवाकडे होते. ‘तापवून ताण काढावेत’ हा सल्ला साध्या पोलादाच्या प्रकरणातून जसाच्या तसा उचललेला दिसतो. ३०४ ला ४५० ते ८५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळू दिल्यास कणसीमांवर क्रोमियम कार्बाइड साचते व गंजरोधकताच धोक्यात येते. त्याहून कमी तापमानात ताण अंशतःच निघतात. माप राखावे की गंजरोधकता, हा पेच विद्यार्थ्यापुढे कधी मांडलाच जात नाही.